कादंबरीच्या पानातून छोटी कविता: काळी शाई सगळ्यात शेवटी

कादंबरीचं एक पान घ्यायचं, त्यातले मोजके शब्द ठेवायचे, बाकीचे झाकायचे आणि उरलेल्या शब्दांची छोटी कविता करायची. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी थेट मार्कर उचलतात, आणि काम तिथेच बिघडतं. मी बरीच वर्षं अशा कविता शोधतोय, इतरांची पानंही बघतोय. फसलेली पानं बहुधा तीनच कारणांनी फसतात. एक म्हणजे काळं करायची घाई. दुसरं, कविता मनात आधीच ठरवून मग तिच्यासाठी शब्द धुंडाळणं. आणि तिसरं, मराठी शब्द एकटा नसतो, त्याच्या शेपटीला लिंग, वचन आणि विभक्ती लटकलेली असते, हे विसरणं. कामाचा क्रम नीट पाळला तर तिन्ही चुका टळतात.

या लेखात छोटी कविता म्हणजे तीन ते बारा शब्दांची. पंधराच्या पुढे गेलात की कविता राहत नाही, पानाचा सारांश होतो.

## १. नियम आधी ठरवा

पान उघडण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा.

शब्दांचा क्रम पानावर आहे तोच ठेवायचा की बदलायचा? शब्द अख्खाच घ्यायचा की त्याचा तुकडाही चालेल? कविता एका पानातून काढायची की समोरासमोरच्या दोन पानांतून? विरामचिन्हं स्वतःची घालायची की नाही?

सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला: क्रम पानावरचाच, शब्द अख्खे, पान एकच आणि विरामचिन्ह एकही नाही. हे कडक वाटेल, पण याच अडचणीतून कविता निघते. क्रम बदलायची मुभा घेतली की तुम्ही पुन्हा नेहमीसारखी कविता लिहायला लागता आणि पान म्हणजे फक्त शब्दांचा डबा उरतो.

सावध: नियम मध्येच बदलू नका. आठ शब्द जमले, नववा अडला, म्हणून ‘एवढा एकच शब्द मागचा घेतो’ असं केलंत तर आधीच्या आठ शब्दांसाठी केलेली मेहनतही सैल पडते. नियम बदलायचाच असेल तर पान पुन्हा पहिल्यापासून वाचा.

## २. साहित्य

दोन झेरॉक्स, मऊ पेन्सिल, चांगलं खोडरबर, कोरा कागद, बारीक टोकाचं काळं पेन, जाड मार्कर. आणि एक जाड पुठ्ठा, त्याला एक ओळ उंच आणि दोन-तीन शब्द रुंद अशी खिडकी कापलेली. ही खिडकी पुढे फार उपयोगी पडते.

मूळ पुस्तकावर थेट काम करायची हौस असेल तर थोडं थांबा. जुन्या कादंबरीचा कागद पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो, खोडरबर जरा जोरात फिरवलं की फाटतो. कागद पातळ असेल तर स्पिरिटच्या शाईचा मार्कर पलीकडच्या बाजूला उतरतो आणि मागच्या पानावरची पुढची कविता तिथेच संपते. वाचनालयाच्या किंवा कुणाकडून आणलेल्या पुस्तकावर पेन्सिलही लावू नका.

तपासा: ज्या प्रतीवर काम करणार तिच्या कोपऱ्यातल्या एखाद्या शब्दावर मार्कर फिरवून बघा. इंकजेट प्रिंटरवर काढलेली प्रत पाण्याच्या शाईने फिसकटू शकते. हे कोपऱ्यात कळलेलं बरं, कवितेच्या मधोमध नको.

## ३. पान निवडा

इथे बहुतेकांची निवड उलटी होते. ते कादंबरीतलं सगळ्यात सुंदर पान घेतात, म्हणजे संध्याकाळचं वर्णन, नदी, विरह. अशा पानावर लेखकाने काव्य आधीच करून ठेवलेलं असतं. तुम्ही त्यातली चार उत्तम विशेषणं उचलता आणि ती कविता तुमची होत नाही, त्याचीच कापलेली प्रत होते.

साधं, कामाचं पान घ्या. कुणीतरी सामान बांधतंय, पत्र लिहितंय, व्यवहाराचं बोलणं चाललंय, घर आवरलं जातंय. अशा पानांवर हाताला लागणाऱ्या वस्तू भरपूर असतात आणि त्या वस्तूंवर अजून कुणी काव्याचा रंग दिलेला नसतो.

नुसत्या संवादांची पानं सुरुवातीला टाळा. त्यांत ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ आणि माणसांची नावंच जास्त. मात्र एक लक्षात ठेवा: बहुतेक कादंबऱ्यांचं निवेदन भूतकाळात असतं, त्यामुळे ‘आहे’, ‘येतो’, ‘थांब’, ‘बघ’ असे वर्तमानकाळी आणि आज्ञार्थी शब्द निवेदनात फारसे सापडत नाहीत, ते संवादातच असतात. कवितेत वर्तमानकाळ हवा असेल तर निवेदन आणि संवाद दोन्ही असलेलं पान निवडा.

पुढच्या पायऱ्या दाखवण्यासाठी एक उतारा घेऊ. तो कुठल्या पुस्तकातला नाही, या लेखासाठीच लिहिलाय:

> अण्णांनी दार उघडलं तेव्हा पाऊस थांबला होता. पायरीवर आईची जुनी छत्री उलटी पडली होती आणि तिच्यात पाणी साचलं होतं. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. आतल्या खोलीतून घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. वकिलांचं पत्र टेबलावर तसंच उघडं होतं, धाकट्या भावाने त्यावर अजून सही केली नव्हती. आभाळ हळूहळू मोकळं होत होतं. उद्या काय सांगायचं हे त्यांनी मनाशी ठरवलं आणि छत्री उचलून कोपऱ्यात ठेवली. पाणी फरशीवर पसरलं. घर विकायचं होतं, पण किल्ली कुणाकडे द्यायची हे अजून कुणी बोललं नव्हतं.

## ४. दोनदा वाचा, दुसऱ्यांदा खालून वर

पहिलं वाचन नेहमीसारखं. गोष्ट काय चाललीय ते कळू द्या, कारण पुढे त्याच गोष्टीपासून लांब जायचंय.

दुसरं वाचन शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे, खिडकीचा पुठ्ठा सरकवत. नव्हतं, बोललं, कुणी, अजून, हे, द्यायची, कुणाकडे, किल्ली. असं वाचलं की वाक्य मोडतं आणि शब्द सुटे दिसू लागतात. सरळ वाचताना ‘किल्ली’ ही घर विकण्याच्या बोलण्यातली एक बाब असते. उलट वाचताना ती फक्त किल्ली असते, कशाचीही असू शकणारी. हे वाचन कंटाळवाणं आहे, तरी ते वगळू नका. ते वगळलं की पानातली गोष्टच डोक्यात राहते, आणि मग अशी कविता होते:

> वकिलांचं पत्र
> सही केली नव्हती
> घर विकायचं होतं

यात चूक काही नाही, पण नवीनही काही नाही. अण्णांची अडचण कमी शब्दांत सांगितली, एवढंच.

## ५. पेन्सिलीच्या खुणा आणि शब्दांची यादी

आता पेन्सिल घ्या. वस्तूंच्या नावांभोवती गोल करा, क्रियापदांखाली रेघ ओढा, आणि का ते न कळता डोळ्यात भरलेल्या शब्दांवर फक्त एक टिंब द्या. दहा मिनिटं पुरतात. खुणा जास्त झाल्या तरी चालतील.

मग कोऱ्या कागदावर यादी करा, पानावरच्या क्रमाने, शब्दाच्या आधी ओळीचा आकडा आणि नंतर लिंग. ‘छत्री, स्त्री.’ ‘पाणी, नपुं.’ ‘पाऊस, पु.’ ‘आभाळ, नपुं.’ ‘साचलं, नपुं.’ शाळेतल्या व्याकरणाच्या वहीसारखं दिसेल, दिसू द्या. या यादीवाचून पुढची पायरी अंधारात चाचपडत करावी लागते.

यादीतून एकच शब्द खुंटा म्हणून निवडा, ज्याच्याभोवती बाकीचे फिरतील. भावनेचा शब्द खुंटा करू नका. ‘मन’, ‘आठवण’, ‘एकटेपणा’ हे शब्द स्वतःच इतकं सांगून टाकतात की बाकीच्या शब्दांना काम उरत नाही. वस्तू निवडा. मी ‘छत्री’ निवडली.

सावध: माणसांची नावं आणि नात्यांची संबोधनं यादीत घ्या, पण खुंटा करू नका. ‘अण्णांनी’ आलं की वाचकाला लगेच पुढची गोष्ट हवी असते.

## ६. जुळवणी: शब्दांच्या शेपट्या सांभाळा

खरं काम इथे आहे, आणि सगळ्यात जास्त पानं इथेच मोडतात.

आमच्या पानावर ‘पाऊस’ आहे, ‘साचलं’ही आहे. दोन्ही सुंदर, म्हणून नवखा माणूस ‘पाऊस साचलं’ असं जोडतो, मग चूक दिसते, मग तो पेनने अनुस्वार खोडून काना काढतो आणि ‘साचला’ करून टाकतो. असं करू नका. पानावर नसलेला काना काढला की ती सापडलेली कविता उरत नाही. पाऊस पुल्लिंगी आहे, त्याला ‘थांबला’ मिळेल, ‘साचलं’ मिळणार नाही. ‘साचलं’ला नपुंसकलिंगी सोबती हवा. यादीवर बोट फिरवत पुढे जा: टेबलावर, सही, आभाळ. आभाळ नपुंसकलिंगी आहे, आणि ते ‘साचलं’च्या नंतर येतं, म्हणजे क्रमही सांभाळला जातो:

> जुनी छत्री उलटी
> तिच्यात साचलं
> आभाळ

पानावर साचलंय पाणी. कवितेत साचलंय आभाळ. हे मला सुचलेलं नाही. ‘पाऊस’ जुळत नव्हता म्हणून शोधावं लागलं आणि व्याकरणाने आभाळापर्यंत नेलं. कविता आधीच ठरवू नका असं मी सांगतो ते यासाठी.

आता शेपट्यांचे प्रकार एकेक बघू.

चा, ची, चं, चे. हे गळ आहेत, यांना पुढे काहीतरी अडकावंच लागतं. ‘घड्याळाची’ घेतलं तर पुढे स्त्रीलिंगी नाम हवं. शेजारी ‘टिकटिक’ आहे, पण तो लेखकाने लावलेला मासा. तो सोडा आणि पुढे बघा, किती लांब दुसरा मासा मिळतो ते. हा गळ जितका लांब जाईल तितकी कविता पानापासून सुटते.

ने, नी. ‘भावाने’, ‘त्यांनी’ असा कर्ता आला की कुणीतरी काहीतरी ‘केलं’ असं क्रियापद लागतं, आणि ते क्रियापद कर्मासारखं फिरतं. ‘भावाने … ठेवली’ चालेल, कारण मध्ये ‘छत्री’ आहे. ‘भावाने … पडली’ मात्र कधीच जुळत नाही, कितीही ओढलं तरी.

त, वर, तून, कडे. हे सगळ्यात सोयीचे. ‘पायरीवर’, ‘कोपऱ्यात’, ‘खोलीतून’, ‘कुणाकडे’ यांचं कुणाशी लिंग-वचनाचं भांडण नाही, ते कुठेही बसतात. त्याच कारणाने लोक ते जास्त वापरतात. एका छोट्या कवितेत असे दोन पुरेत.

ऊन. ‘उचलून’, ‘बघून’, ‘सोडून’ हे कुणाच्याही लिंगाने बदलत नाहीत, म्हणून जोडकामाला उत्तम. पण त्यांच्यामागून एक पूर्ण क्रियापद यावं अशी वाचकाची अपेक्षा असते. ते दिलं नाही तर वाक्य हवेत लटकतं. कधी तेच हवं असतं. बहुतेक वेळा ते फक्त अर्धवट वाटतं.

सर्वनामं. ‘तिच्यात’ घेताना मागे स्त्रीलिंगी नाम आहे ना बघा, आणि एकच आहे ना हेही बघा. दोन असतील तर ‘ती’ कोण याचे दोन अर्थ होतात. यावर पुढे पुन्हा येतो.

नकार. ‘नाही’, ‘नव्हतं’ गाळलं की अर्थ उलटतो. त्याच पानातून ही दुसरी कविता:

> दार उघडलं
> हाक मारली नाही
> घर बोललं

पानावर कुणी बोललं ‘नव्हतं’. मी ‘नव्हतं’ सोडलं आणि घर बोलू लागलं. कादंबरीच्या बाबतीत मला हे पूर्ण मान्य आहे, कारण कवितेतून कादंबरीचं म्हणणं सांगायचं नसतंच. पण कुणाच्या पत्रावर, आत्मचरित्रावर किंवा बातमीवर असं काम करत असाल तर नकार गाळण्याआधी दोनदा विचार करा. तिथे ते खऱ्या माणसाच्या तोंडी खोटं घालणं होतं.

तपासा: कविता मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा लिंग किंवा वचन चुकलेलं असतं. डोळा ‘पाऊस साचलं’ सोडून देईल, कान सोडणार नाही.

## ७. शब्दाचा तुकडा घ्यायचा असेल तर

पहिल्या पायरीत तुकडे चालतील असं ठरवलं असेल तरच ही पायरी.

देवनागरीत शब्द अक्षराच्या हद्दीवर कापायचा, कान्या-मात्रेच्या मध्ये नाही. ‘फरशीवर’मधून ‘फरशी’ स्वच्छ निघते. ‘मनाशी’मधून ‘मन’ निघत नाही, कारण ‘ना’चा काना उरतो, पण ‘मना’ निघतं, आणि ते मनाला मारलेली हाक म्हणून वापरता येतं. ‘कोपऱ्यात’मधून ‘कोपरा’ कधीच निघणार नाही, सामान्यरूपाने शब्दाचा चेहराच बदललाय. ‘पावसात’मधून ‘पाऊस’ही तसाच.

पोटातले शब्दही बघा. ‘पसरलं’चा प झाकला की ‘सरलं’ उरतं, म्हणजे पसरण्याच्या जागी संपणं. ‘विकायचं’च्या मध्यावर ‘काय’ बसलंय.

हे फार गोड लागतं, म्हणून हात आखडता ठेवा. एका कवितेत एक तुकडा ठीक. तीन झाले की वाचक कविता सोडून कोडं सोडवायला बसतो. आणि शिरोरेषा कापताना बारीक पेनने तिचं टोक नीट बंद करा, नाहीतर झाकलेल्या अक्षराची रेघ बाहेर डोकावते आणि छपाईची चूक वाटते.

## ८. ओळी पाडा

शब्द ठरले की ते कोऱ्या कागदावर लिहा आणि ओळी तीन-चार वेगवेगळ्या प्रकारे पाडून बघा. तीन ओळी बहुतेकदा पुरतात. हायकूच्या पाच-सात-पाच अक्षरांच्या मापात बसवायच्या नादी लागू नका. पानाचा साठा मर्यादित असतो आणि माप भरण्यासाठी ‘आणि’, ‘हे’, ‘तर’ आत घुसतात.

ओळ पाडताना एक धोका हमखास विसरला जातो. मी आधी असं केलं होतं:

> जुनी छत्री
> उलटी
> तिच्यात साचलं
> आभाळ

दिसायला छान, पण ‘उलटी’ एकटी पडली की तिचा दुसरा अर्थ पुढे येतो, तो पोट बिघडल्यावरचा. छत्रीला चिकटून असताना तो झोपलेला असतो. एका ओळीत एकटा ठेवलेला प्रत्येक शब्द असा तपासा: त्याचा आणखी काही अर्थ आहे का, आणि तो इथे चालेल का?

‘आभाळ’ मात्र एकटंच हवं. मराठीत वाचक क्रियापदाची शेवटी वाट बघतो. इथे क्रियापद आधी येऊन गेलंय, त्यामुळे काय साचलं हे कळायला पुढच्या ओळीपर्यंत जावं लागतं आणि तिथे पाण्याऐवजी आभाळ भेटतं.

सावध: चांगली जागा आली की थांबा. ‘आभाळ’नंतर मला ‘फरशीवर पसरलं’ही जोडता आलं असतं, व्याकरण जुळतं. जोडून बघितलं. आभाळ सांडलं आणि कविता एका घटनेची झाली. काढून टाकलं.

## ९. एक रात्र जाऊ द्या

या पायरीला हातात काही लागत नाही, म्हणून लोक ती गाळतात. माझी सगळ्यात जास्त पानं मी हीच गाळून वाया घालवली आहेत: रात्री अकराला कविता झाली, साडेअकराला पान काळं, सकाळी वाचलं तर एक शब्द चुकलेला, आणि शाई काही परत निघत नाही.

दुसऱ्या दिवशी पान न बघता फक्त कविता वाचा. पानावाचून ती उभी राहते का? कादंबरीतली माणसं माहीत असल्याशिवाय अर्थ लागत नसेल तर सहाव्या पायरीकडे परत.

छत्रीच्या कवितेत मी पहिल्या दिवशी ‘आईची’ मुद्दाम सोडलं होतं. आई आली की वाचक तिच्याकडेच बघेल, छत्रीकडे बघणार नाही, असं वाटलं. सकाळी ‘तिच्यात’वर डोळा अडकला. ‘आईची’ ठेवलं तर ‘तिच्यात’ दोघींकडे बोट दाखवतं, छत्रीकडेही आणि आईकडेही. सहाव्या पायरीत दोन अर्थांचा धोका म्हणून सांगितलं ते हेच, पण इथे दोन्ही अर्थ खरे ठरतात. शब्द परत घेतला:

> आईची जुनी छत्री उलटी
> तिच्यात साचलं
> आभाळ

सात शब्द. पानावर सगळे आहेत, त्याच क्रमाने, एकही काना-मात्रा न बदलता.

## १०. आता शाई

आधी अंतिम कविता यादीशी ताडून पानावर प्रत्येक शब्दाला पेन्सिलीने बरोबरची खूण करा. नको असलेले गोल आणि रेघा खोडून टाका. शाई लावल्यावर खोडरबर फिरवलं की काळा फिसकारा उठतो.

मग या क्रमाने:

१. बारीक पेनने ठेवायच्या प्रत्येक शब्दाभोवती चौकट. सगळ्या चौकटी पूर्ण झाल्याशिवाय मार्करचं टोपण काढू नका.

२. चौकटीच्या लगतचे शब्द बारीक पेननेच झाका.

३. उरलेला मोकळा भाग मार्करने भरा. उजव्या हाताने लिहीत असाल तर डावीकडून उजवीकडे, वरून खाली. डावखुरे असाल तर उजवीकडून. हाताखाली कोरा कागद, पानाखाली जाड कागद.

चौकट अक्षराला घासून काढू नका. मराठी ओळींमध्ये वर अनुस्वार, वेलांटी आणि रफार, खाली उकार. या गोष्टी दोन ओळींमधल्या अरुंद जागेत राहतात. वरची ओळ भरताना मार्कर जरा खाली आला की ‘साचलं’चा अनुस्वार जातो आणि ‘साचल’ उरतं. शब्दाच्या वर-खाली बारीकशी पांढरी पट्टी राहू द्या, आणि प्रत्येक चौकट काढल्यावर अनुस्वार मोजा.

तपासा: कविता न वाचलेल्या कुणाला तरी पान द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. काही सांगू नका. दोन शब्द एका ओळीत लांब-लांब असले, किंवा एक शब्द पानाच्या तळाशी एकटाच असला, तर माणूस भलत्या क्रमाने वाचतो. तसं झालं तर शब्दाशब्दांमध्ये एक पांढरी वाट सोडायची, ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेतून वळत जाणारी. टॉम फिलिप्स या ब्रिटिश चित्रकाराने डब्ल्यू. एच. मॅलॉक यांच्या १८९२ सालच्या कादंबरीवर काम करताना असेच शब्दांचे बुडबुडे वाटांनी जोडले होते. वाट आधी पेन्सिलीने आखा. काळ्यातून पांढरं नंतर काढता येत नाही. म्हणूनच ही चाचणी पहिल्यांदा दुसऱ्या झेरॉक्सवर, पेन्सिलीने भरून घ्या.

पूर्ण काळंच करायला हवं असंही नाही. पेन्सिलीच्या तिरप्या रेघांनी झाकलं तर खालचं पान धूसर दिसत राहतं, आणि छोट्या कवितेला ते कधीकधी जास्त शोभतं. मोबाइलवर करत असाल तर मूळ फोटोची प्रत जपून ठेवा आणि क्रम हाच पाळा. पुसायची सोय आहे म्हणून यादी टाळू नका.

## ११. नोंद आणि हक्क

पानाच्या मागे त्याच दिवशी लिहा: कादंबरीचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, पान क्रमांक. आवृत्ती महत्त्वाची, कारण दुसऱ्या आवृत्तीत पानाचा शेवट बदलतो आणि तुमची कविता त्या पानावर सापडत नाही. कादंबरी अनुवादित असेल तर अनुवादकाचं नाव न चुकता लिहा. तुम्ही वापरलेला एकेक शब्द त्याने निवडलेला आहे.

इतरांना दाखवताना कवितेखाली मूळ कादंबरी आणि लेखक यांचा उल्लेख असलाच पाहिजे. छापणार किंवा विकणार असाल तर हक्काचा प्रश्न येतो. लेखकाच्या हयातीत प्रकाशित कादंबरीचा हक्क भारतात त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, अनेक देशांत ७० वर्षं. अनुवादकाचा हक्क वेगळा मोजला जातो. मुदत संपलेली नसेल तर अख्ख्या पानाचं चित्र छापण्याआधी परवानगी मागा. सरावासाठी मुदत संपलेल्या जुन्या कादंबऱ्या घेतल्या तर ही काळजीच राहत नाही, आणि त्यांतले आज न वापरले जाणारे शब्द आयते हाताशी येतात.

## १२. पान टाकून देऊ नका

एका पानातून एकच कविता निघते असं समजू नका. फिलिप्स यांनी १९६६ साली ती एक कादंबरी हाती घेतली आणि २०१६ च्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत तिचीच पानं पुन्हा पुन्हा नव्याने केली. आपल्या अण्णांच्या पानातून दोन कविता निघाल्या. सहाव्या पायरीत ‘घड्याळाची’ या शब्दाचा गळ मी मोकळा सोडला होता. तो टिकटिक, पत्र, सही, छत्री, फरशी, घर सगळं ओलांडत शेवटच्या वाक्यात जाऊन अडकला:

> घड्याळाची
> किल्ली
> कुणाकडे

तिच्यासाठी नवी झेरॉक्स काढलीय. यादी झालीय. पान अजून पेन्सिलीतच आहे, उद्या सकाळी पुन्हा वाचेन.